जर्मनी, परभणी आणि अर्थिंगचा खड्डा

‘एका चार्जिंगमध्ये किती जाते?’ परभणीत नव्या इलेक्ट्रिक गाडीच्या मालकाला सगळ्यात आधी हेच विचारतात, आणि पहिले काही महिने तोही स्वतःला हेच विचारत असतो. खरं तर उत्तर अवघड नाही. जिंतूर, गंगाखेड, मानवत, पाथरी ही गावं परभणीपासून चाळीस-पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर आहेत. जाऊन-येऊन शंभर धरा. एवढं अंतर आजच्या बहुतेक गाड्या भर मे महिन्यात एसी लावूनही काटतात. तरी प्रश्न मिटत नाही, म्हणून मला वाटतं तो अंतराचा नसावाच. तो भरवशाचा आहे, आणि भरवसाही गाडीचा नव्हे, तारेचा. आपण गाडी पारखतोय असं मालकाला वाटतं. प्रत्यक्षात तो आपल्या गावची वीज पारखत असतो.

हे मनात घोळत असताना ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण काही केल्या पाठ सोडत नाही. कोणी ती अभिमानाने म्हणतं, कोणी खड्ड्यात चाक आदळल्यावर. तिच्या जन्माच्या कथाही सांगणाऱ्यागणिक बदलतात. अशा म्हणीला फार धरून बसू नये, हे कळतं. पण जर्मनी म्हटलं की मोटार आलीच. कार्ल बेंझने 1886 मध्ये आपल्या तीनचाकी मोटारीचं पेटंट मिळवलं, आणि 1888 च्या ऑगस्टमध्ये त्याची पत्नी बर्टा, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. अंतर शंभर किलोमीटरहून थोडं जास्त. परभणीहून गंगाखेडला जाऊन यावं, त्याहून फार नाही. वाटेत पेट्रोल पंप नव्हता, कारण तो तेव्हा कुठेच नव्हता. विस्लोखच्या औषधांच्या दुकानातून तिने इंधन म्हणून लिग्रॉइन विकत घेतलं. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने साफ केली, झिजलेल्या ब्रेकला वाटेतल्या कारागिराकडून चामडं लावून घेतलं. चढावर मुलांनी गाडी ढकलली, आणि त्या अनुभवावरून बेंझने पुढे चढासाठी वेगळा गिअर दिला. यावरून असं म्हणावंसं वाटतं की सोय झाल्यावर वापरणारा येत नाही. वापरणारा आधी निघतो, सोय त्याच्यामागून येते. मग परभणीत चार्जिंगची ठिकाणं कमी आहेत, हा गाडी न घेण्याचा मुद्दाच उरत नाही.

यावर आक्षेप येईल तो रास्त आहे: लिग्रॉइन बाटलीत मावत होतं. आजही खेड्यातल्या टपरीवर पाण्याच्या बाटलीत पेट्रोल मिळतं आणि अडलेला माणूस घरी पोचतो. वीज अशी बाटलीत भरून आणता येत नाही. ती जिथे आहे तिथे गाडी न्यावी लागते, आणि तिथे थांबावं लागतं. चोवीस युनिटची बॅटरी घरच्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर पूर्ण भरायला आठ-नऊ तास लागतात. मध्येच लाइट गेली, डीपी जळाली, तर सकाळचा बेत कोलमडला. त्यात अर्थिंगची गोष्ट तर कोणी आधी सांगतच नाही. फ्रिज, पंखे, टीव्ही वर्षानुवर्षं कच्च्या अर्थिंगवर चाललेले असतात. गाडीचा चार्जर मात्र अर्थिंग नीट नसेल तर लाल दिवा दाखवून थांबतो. मग अंगणात खड्डा, त्यात मीठ, कोळसा आणि पट्टी. परभणीची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, ओल खोल जाते, आणि त्या खड्ड्यातही अधूनमधून पाणी ओतावं लागतं. पिण्याच्या पाण्याची वाट पाहणाऱ्या गावात गाडी चार्ज व्हावी म्हणून जमिनीला पाणी पाजायचं, ही गोष्ट मला तशीच सोडून देता येत नाही.

कारण पाणी तिथेच थांबत नाही. शेजारच्या परळीचं औष्णिक वीज केंद्र 2013 च्या फेब्रुवारीत पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं, आणि 2015 मध्ये पुन्हा. त्याला पाणी मिळत होतं ते गोदावरीवरच्या, सोनपेठ तालुक्यातल्या खडका बंधाऱ्यातून. येलदरीला पूर्णेच्या पाण्यावर 22.5 मेगावॉटचं जलविद्युत केंद्र आहे. तेही धरणात पाणी असेल तर. कोणी म्हणेल, जाळं राज्यभर जोडलेलं आहे; परळी बंद पडली म्हणून परभणीत अंधार होत नाही. बरोबर आहे. पण याचा अर्थ एवढाच की आपल्या दुष्काळात दुसऱ्या कुठल्या तरी नदीचं पाणी आणि कोळसा आपल्यासाठी खर्च होतो. पेट्रोलच्या गाडीचं खापर दूरच्या देशावर फोडता येत होतं. या गाडीचा हिशेब घरच्या नदीपाशी येतो. आणि त्याच हिशेबात शेतीच्या विजेची रात्रीची पाळी आली म्हणून पंपाची मोटार सुरू करायला रानात गेलेला शेतकरीही येतो. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिन्या उभ्या राहताहेत. त्या पूर्ण झाल्या तर रात्रीची वीज गाड्यांसाठी मोकळी होईल आणि दोघांचं भागेल, असं मला मनापासून वाटतं. मात्र त्या पूर्ण होईपर्यंत कोणी कोणासाठी थांबायचं, हे गाडीच्या मालकाने एकट्याने ठरवायचं नाही, आणि ते त्याला विचारतंही कोणी नाही.

बर्टाचा दाखला म्हणूनच मला आता पहिल्याइतका पक्का वाटत नाही. 1888 मध्येच जर्मनीत, कोबुर्गला, आंद्रेआस फ्लोकेनने विजेवर चालणारी गाडी केली होती. अनेक जण तिला जगातली पहिली विजेची मोटार मानतात. तीही अशीच सोय होण्याआधी निघाली होती. पण गावोगावी वीज पोचायला पुढे कित्येक वर्षं लागली, आणि तोवर बाटलीत मावणारं इंधन जिंकून गेलं होतं. म्हणजे सोयीच्या आधी निघालेल्या प्रत्येकामागून सोय येतेच असं नाही. एकाच वर्षी, एकाच देशात दोघं निघाले आणि ती एकाच्याच मागून आली. आज परभणीत प्लग लावणारा माणूस या दोघांपैकी कोणाच्या जागी उभा आहे? तार आता गावोगावी आहे, एवढं त्याच्या बाजूने नक्की म्हणता येतं. त्या तारेतून ठरल्या वेळी वीज येईल का, आणि ती कोणाच्या वाट्याची असेल, याचं उत्तर गाडी घेऊन मिळत नाही. न घेऊनही मिळत नाही.