खोडदची थाळी, माझी दुर्बीण

दिवाळीला मुळशीत घरी गेलो तेव्हा स्वतःच्या पगारातून घेतलेली 70 मिलिमीटरची दुर्बीण सोबत होती. रात्री अंगणात मांडून आप्पांना शनी दाखवला. बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “कडं दिसतंय रे! त्या खोडदच्या थाळीतनं तर केवढं दिसत असंल?”

खोडदचा विषय आमच्या घरात जपून निघतो. शाळेत असताना विज्ञान दिनाला आप्पांनीच मला नारायणगावजवळची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण दाखवायला नेलं होतं. फिजिक्सच करायचं, हे मी परतीच्या एसटीत ठरवलं. पण बारावीला घरावर कर्ज होतं, लवकर नोकरी हवी होती. इंजिनिअरिंग घेतलं. त्याची बोच माझ्यापेक्षा त्यांना जास्त आहे.

माझं उत्तर ऐकून ते चक्रावले. तिथली एक थाळी 45 मीटरची. पण 21 सेंटिमीटरच्या रेडिओलहरींवर ती एकटी आपल्या साध्या डोळ्याइतकंही स्पष्ट बघू शकत नाही. चंद्रावरचे डागसुद्धा तिला वेगळे करता येणार नाहीत. कारण बारकावा नुसत्या आकारावर ठरत नाही. त्या रुंदीत किती लहरी मावतात यावर ठरतो. माझ्या इवल्या भिंगाच्या रुंदीत प्रकाशाच्या सव्वा लाख लहरी मावतात. त्या थाळीत रेडिओच्या जेमतेम 214.

म्हणून डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा 30 थाळ्या 25 किलोमीटरच्या परिसरात पसरल्या. प्रत्येक दोन थाळ्यांचे सिग्नल एकमेकांशी ताडून पाहतात. अशा जोड्या होतात 435. तेव्हा कुठे नजर सुमारे 2 विकलांवर येते, म्हणजे अंशाच्या 1800व्या भागावर. माझ्या दुर्बिणीची मर्यादाही जवळपास तेवढीच!

“मग एवढा खटाटोप कशाला?”

“आप्पा, आकाशगंगांमधला थंड हायड्रोजन वायू 21 सेंटिमीटरवर बोलतो. माझी दुर्बीण कितीही मोठी केली तरी तिला तो दिसणार नाही.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. “आन् त्या 435 जोड्यांचा हिशेब कोण करतं?”

“कॉम्प्युटर. आणि त्याचे प्रोग्राम लिहिणारे.”

“म्हंजे तुझ्यासारखीच पोरं.”

मला काही बोलता येईना. शनी तोवर भिंगातून निसटला होता. मी वाकून दुर्बीण पुन्हा लावून दिली.