तेलाची वाटी बाजूला ठेवा

माझ्या नातवाची दोन्ही पावले जन्मतः आत वळलेली, तळवे एकमेकांकडे पाहणारे. "चोळून सुटतील," मी सुनेला धीर दिला आणि दीड महिना तेलाने चोळत राहिले. पावले तसूभर हलली नाहीत.

भगिनींनो, हलक्या हाताने धरल्यावर पाऊल सहज सरळ होत असेल, तर बहुधा ते आपोआप सुधारते. तरी एकदा दाखवून घ्यावे. पण ताठर असेल तर पहिल्या आठवड्यातच जिल्हा रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात याचे उपचार मोफत होतात, आशाताईंना विचारा. (लहान मुलांचे तळवे सपाट दिसतात, त्याची धास्ती नको. दुखत असेल किंवा मूल लंगडत असेल तर मात्र दाखवा.)

दर आठवड्याला पाऊल थोडे वळवून मांडीपर्यंत प्लास्टर घालत. अशी सहा झाली. मग टाचेमागची ताठर शीर जराशी कापली, वर तीन आठवड्यांचे शेवटचे प्लास्टर. नंतर पट्टीने जोडलेले बूट: तीन महिने तासभर सोडून रात्रंदिवस, पुढे चार वर्षांचा होईपर्यंत झोपताना.

चूक झाली ती इथे, आणि माझ्याच हातून. पोर रडते म्हणून सुनेला न सांगता मी रात्रीचे बूट काढू लागले. महिन्याभरात पाऊल पुन्हा वळले. दोन प्लास्टरे जास्तीची पडली.

गेल्या महिन्यात वाडीत अशीच एक मुलगी जन्मली. तिची आजी तेल तापवत होती. मी तिला म्हटले, उद्या सकाळच्या एस.टी.ने निघू.