मीटरने दाखवलेला प्रमाद



आज एक चूक कबूल करायची आहे आणि त्या निमित्ताने नव्या वीज मीटरबद्दलही थोडं सांगायचं आहे. बऱ्याच जणी विचारतात, "तो स्मार्ट मीटर बसवू द्यावा का? बिल वाढतं म्हणे!"

आमचं घर दुमजली. खाली आम्ही आणि सासूबाई, वर धाकटे दीर, जाऊबाई आणि पुतण्या. मीटर एकच, बिल निम्मं-निम्मं. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर जुना मीटर काढून नवा बसवला आणि पुढच्या दोन महिन्यांत बिल चढलं. गल्लीत सगळ्यांनी मीटरला दोष दिला. मी मात्र जाऊबाईंना दिला. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, रात्रभर कॉम्प्युटर चालू असतो. मी एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "वरच्या मजल्याने आता दोन वाटे भरावेत." जाऊबाई काही बोलल्या नाहीत. दोन्ही महिने त्यांनी जास्तीचे पैसे आणून फ्रिजवर ठेवले. पुतण्या अभ्यासाला मित्राकडे जायला लागला.

राखीपौर्णिमेला त्या आठवडाभर माहेरी गेल्या, दीर आणि पुतण्याही सोबत. वर कुलूप. माझ्या मुलीने मोबाइलवर वीज कंपनीचं ॲप उघडून दाखवलं. नव्या मीटरचा हाच फरक. जुना मीटर महिन्याचा एकच आकडा सांगायचा, हा तासातासाचा वापर दाखवतो. वर कुणी नसतानाही रात्री बारा ते पहाटे पाच, दर तासाला पाऊण युनिटच्या आसपास! खालचे पंखे आणि फ्रिज मिळून एवढं होत नाही.

मुलीने एकेक बटण बंद करत शोध घेतला. दोषी निघाला आमच्याच न्हाणीघरातला गीझर. पहाटे अभिषेकाला जायचं म्हणून मी रात्री झोपतानाच तो लावून ठेवायची. आणि गरम पाण्याच्या नळातून दोऱ्यासारखी धार चालू होती. नळवाला "उद्या येतो" म्हणत होता, मीही मागे लागले नव्हते. जेवढं गरम पाणी वाहून जाई, तेवढं गार पाणी आत येई आणि गीझर पुन्हा पेटे. रात्रीत तीनेक युनिट, म्हणजे महिन्याला नव्वदच्या घरात.

मला बिलापेक्षा दुसरंच लागलं. पाणी गाळल्याशिवाय घोटभर न पिणारी मी, तेच पाणी तापवून रात्रभर मोरीत सोडत होते. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत प्रमादचर्या सांगितली आहे. माती, पाणी, अग्नी, वारा यांचा कारण नसताना आरंभ करणं म्हणजे प्रमादचर्या. स्वाध्यायात हे कितीदा ऐकलं होतं! माझा प्रमाद मला मीटरने दाखवला, आणि तोवर मी तो दुसऱ्याच्या नावावर लिहिला होता.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. वीज साठवून ठेवणं महाग पडतं, म्हणून जेवढी मागणी, तेवढीच निर्मिती त्या त्या क्षणी व्हावी लागते. हे गणित बिघडलं तर काय होतं ते जुलै २०१२ मध्ये दिसलं. लागोपाठ दोन दिवस उत्तर भारतातली ग्रिड कोसळली आणि दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य भारतही अंधारात गेला. आता दुपारी सौर वीज भरपूर असते. सूर्य मावळला की ती थांबते, आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, टीव्ही, एसी सुरू होतात. त्या दोन-चार तासांसाठी कंपनीला महाग वीज घ्यावी लागते. कोणत्या भागात किती वाजता किती वीज जाते हे मीटर कळवू लागला, की खरेदीचा अंदाज नीट बांधता येतो, कुठल्या ट्रान्सफॉर्मरवर भार जास्त आहे ते दिसतं, गळती आणि चोरी पकडता येते. रीडिंगसाठी माणूस घरोघर पाठवावा लागत नाही, आणि कुलूप दिसलं म्हणून अंदाजाने बिलही येत नाही.

आपला फायदा? आपल्या राज्यात १ जुलै २०२५ पासून असा मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत सुरू झाली, पहिल्या वर्षी युनिटमागे ८० पैसे. शंभर युनिटं दिवसा वापरली तर ८० रुपये. फार मोठी रक्कम नाही, हे खरं. दिवसभर नोकरीला जाणाऱ्या बहिणींना तर एवढाही लाभ होणं कठीण. पण आपल्या घरात सूर्यास्तापूर्वीच जेवणं आटोपतात, मिक्सर आणि इंडक्शनचं काम दिवसाच होतं. मी घरघंटी, वॉशिंग मशीन, इस्त्री आणि पाण्याची मोटरही दुपारी घेतली. गीझर आता पहाटे पंधरा मिनिटं.

मीटर जोरात पळतो अशी शंका असेल तर भांडत बसू नका, लेखी तक्रार करा. २०२४ मध्ये केंद्राच्या नियमांत झालेल्या सुधारणेनुसार तक्रारीनंतर पाच दिवसांत पडताळणीसाठी जादा मीटर बसवून द्यावा लागतो. पण त्याआधी रात्रीचे तास पाहून घ्या. मीटर फक्त दाखवतो, बटण आपल्यालाच बंद करावं लागतं.

जाऊबाई परत आल्या. दशलक्षण पर्व जवळ आलं होतं. मनात आलं, क्षमावाणीला सगळ्यांना हात जोडतोच, तेव्हा सांगू. मग वाटलं, सर्वांच्या क्षमेत ही एक क्षमा लपवायची का? ज्यांच्यासमोर बोलले होते त्या सगळ्यांसमोर, जेवणाच्या वेळी मी सांगितलं आणि जास्तीचे पैसे परत दिले. त्यांनी ते मोजलेही नाहीत. एवढंच म्हणाल्या, "वहिनी, पैशाचं काही नाही. पोरगं घर सोडून दुसरीकडे बसायला लागलं होतं, ते जिवाला लागलं होतं."

त्याच संध्याकाळी मी वर जाऊन पुतण्याचीही क्षमा मागितली. तो लाजला, "काकू, असू दे हो," म्हणाला. आता रात्री वरच्या खोलीत दिवा दिसतो. दिसला की मला बरं वाटतं.

उत्तम क्षमा.