बोटीच्या नावाने ओळखला जाणारा पूर्वज

इंग्लंडमधल्या एखाद्या गरीब घरात १८३० च्या आसपास दोन भाऊ होते असे धरू. एकाने जन्मभर गावातच शेतमजुरी केली. त्याच्या नावावर चर्चच्या वहीत तीन ओळी उरल्या: बाप्तिस्मा, लग्न, दफन. दुसऱ्याने कापड चोरले आणि सात वर्षांसाठी त्याची रवानगी ऑस्ट्रेलियाला झाली. त्याची उंची, डोळ्यांचा रंग, दंडावर गोंदलेला नांगर, लिहिता-वाचता येत होते की नाही, गावी काय काम करत होता, हे सगळे सरकारी कारकुनाने शाईने टिपून ठेवले. दीडशे-दोनशे वर्षांनी घराण्याचा शोध घेणाऱ्याला चोर भाऊ सापडतो, सरळमार्गी भाऊ निसटतो.

१७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत ब्रिटनने सुमारे १ लाख ६२ हजार कैदी ऑस्ट्रेलियाला पाठवले. अमेरिकेतल्या वसाहती स्वतंत्र झाल्यावर कैदी धाडण्याची जुनी सोय संपली, तुरुंग भरून वाहू लागले, आणि ११ जहाजांचा पहिला ताफा २६ जानेवारी १७८८ रोजी सिडनीच्या खाडीत आला. या ताफ्याबरोबर माणसे आली, पण कोणाची शिक्षा कधी संपते याचे कागद इंग्लंडमध्येच राहिले. ‘माझी मुदत भरली’ म्हणणाऱ्या कैद्याला गव्हर्नर आर्थर फिलिप काय उत्तर देणार? पुढे मात्र ही कसर पुरेपूर भरून निघाली. बोट बंदराला लागली की एकेका कैद्याची तपशीलवार यादी होऊ लागली, आणि आज त्या याद्यांवरच या शोधाची सारी भिस्त आहे.

नवखा माणूस शोधाची सुरुवात लंडनच्या कोर्टापासून करतो. तिथला मोह मोठाच आहे, कारण ओल्ड बेलीच्या १६७४ ते १९१३ या काळातल्या खटल्यांचे वृत्तांत आता घरबसल्या वाचता येतात. मुरलेला संशोधक उलटा निघतो. आधी पणजीचा मृत्यूचा दाखला, मग तिच्या वडिलांचा. न्यू साउथ वेल्समध्ये १८५६ पासून जन्ममृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली आणि मृत्यूच्या दाखल्यात एक रकाना आला: वसाहतीत किती वर्षे? मृत्यूच्या सालातून ती वर्षे वजा केली की आगमनाचे साल मिळते. त्या सालाच्या मागेपुढे कोणत्या बोटी आल्या ते पाहायचे. मात्र ही माहिती बहुतेक वेळा जावयाने किंवा शेजाऱ्याने सांगितलेली असते. सांगताना त्याने वर्षे गोळाबेरीज करून टाकली असतील, हे धरूनच चालावे लागते.

बोट सापडणे महत्त्वाचे, कारण नुसत्या नावाला या दप्तरात किंमत नाही. जॉन स्मिथ शेकड्यांनी आले. म्हणून कारकून नावापुढे बोटीचे नाव घालत: अमुक माणूस, अमुक बोटीचा. आपल्याकडे वडिलांचे नाव आणि गाव सांगितल्याशिवाय माणसाची ओळख पुरी होत नाही. तिथे बाप आणि गाव दोन्हींची जागा बोटीने घेतली. शिक्षा संपली, लग्न झाले, नातवंडे झाली, तरी सरकारी कागदांत बोट काही त्याला सोडत नसे.

आज ज्याला टास्मानिया म्हणतात त्या व्हॅन डीमेन्स लँडच्या वह्या सर्वांत भरगच्च. कैद्याने स्वतः सांगितलेला गुन्हा, बोटीवरच्या डॉक्टरचा शेरा आणि बेटावर आल्यानंतरचा प्रत्येक अपराध व शिक्षा तिथे दाटीवाटीने लिहिलेली आहे. दारू पिऊन सापडला. परवानगीशिवाय गैरहजर. मालकाशी उद्धटपणा. त्यापुढे एकांतकोठडीचे दिवस किंवा फटक्यांचा आकडा. वाचणाऱ्याला वाटते, पूर्वज भलताच तापट होता. पण ‘उद्धटपणा’ हा मालकाचा शब्द. मालकाने तक्रार करायची, मॅजिस्ट्रेटने ऐकायची आणि कारकुनाने उतरवायची. नोकराचे म्हणणे त्या रकान्यात मावत नाही. उलट याच दप्तरातल्या काही याद्यांत कैद्याने सांगितलेली नाती सापडतात: वडील अमुक गावी, भाऊ, बहिणी. शिक्षेच्या आकड्यांपेक्षा संशोधक या ओळीवर जास्त वेळ रेंगाळतो, कारण मागे राहिलेल्या घराकडे जाणारी वाट इथूनच फुटते.

कोर्टाच्या वृत्तांतात आणखी एक माणूस असतो, ज्याच्याकडे वंशजांचे सहसा लक्ष जात नाही. मेरी वेड या लंडनच्या पोरीला जानेवारी १७८९ मध्ये फाशीची शिक्षा झाली. तिने आणि तिच्या चौदा वर्षांच्या मैत्रिणीने एका आठ वर्षांच्या मुलीचे कपडे काढून घेऊन ते गहाणवट्याकडे ठेवले होते. राजा तिसरा जॉर्ज आजारातून बरा झाला त्या आनंदात शिक्षा सौम्य झाली, आणि ‘लेडी जुलियाना’ बोटीने १७९० च्या जूनमध्ये मेरी सिडनीला पोचली. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान केव्हिन रड तिच्या वंशातले. मेरीची कहाणी अनेकदा सांगितली जाते आणि सांगावी अशीच ती आहे. पण जिच्या अंगावरचा फ्रॉक गेला ती मेरी फिलिप्सही त्याच पानावर आहे. पूर्वजाला बिचारा ठरवण्याच्या भरात ती पुसली जाऊ नये, एवढी दक्षता या कामात घ्यावी लागते.

काळ्या पाण्याच्या शिक्षेचे असेच कागद आपल्याकडेही आहेत. मुंबई इलाख्यातले कैदी एकोणिसाव्या शतकात मॉरिशस, पेनांग, सिंगापूरला गेले. १८५८ नंतर अंदमान ही मुख्य जागा झाली. तिथे वेगवेगळ्या प्रांतांतल्या, जातींतल्या कैदी स्त्रीपुरुषांची लग्ने झाली. त्यांची मुले हिंदुस्तानी बोलू लागली आणि स्वतःला ‘लोकल बॉर्न’ म्हणवू लागली. १९४२ ते १९४५ च्या जपानी ताब्यात बेटांवरचे बरेच दप्तर नष्ट झाले. त्यामुळे इथला शोध बेटावरून मागे जात नाही. मुख्य भूमीवरून पुढे यावा लागतो. मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. तिथले न्याय खात्याचे खंड आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे दप्तर, ही त्यातली मोठी ठिकाणे.

कागद कुठलाही असो, एका जागी तो हात आखडता घेतो. चांगल्या वर्तणुकीवर कैद्याला ‘तिकीट ऑफ लीव्ह’ मिळे, म्हणजे स्वतःच्या मर्जीने मजुरी करण्याची मुभा. मुदत भरली की सुटकेचा दाखला. तिथून सरकारचे त्याच्यावरचे लक्ष उडते. तो कुठे गेला, कोणाबरोबर राहिला, हे आता जमिनीच्या खतातून, वर्तमानपत्रातल्या दोन ओळींतून, इस्पितळाच्या वहीतून गोळा करायचे. कैदेची सात वर्षे एका आठवड्यात उलगडतात आणि स्वातंत्र्याची तीस वर्षे हाती येता येत नाहीत.

शिवाय सुटलेला माणूस आपली नोंद आपणच बदलू शकतो. मेरी रीबी ही त्यातली नामी असामी. लँकशायरची ही मुलगी तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलाच्या वेशात, जेम्स बरो या नावाने, घोड्याच्या चोरीत पकडली गेली. ‘रॉयल ॲडमिरल’ बोटीने १७९२ मध्ये ती सिडनीला आली आणि पुढे नवऱ्यामागे धंदा सांभाळून शहरातली बडी व्यापारी झाली. १८२० मध्ये ती मुलींना घेऊन इंग्लंडला जाऊन आली. १८२८ च्या जनगणनेत प्रत्येकाला विचारले होते: स्वतंत्र म्हणून आलात की कैदी म्हणून? तिने सांगितले, स्वतंत्र, आगमन १८२१. परतीच्या प्रवासाचे साल तेच, त्यामुळे उत्तर अक्षरशः खोटेही नव्हते. आज तिचा चेहरा वीस डॉलरच्या नोटेवर आहे. तिचा वंशवृक्ष मांडणारा १७९२ लिहितो, १८२१ खोडत नाही, आणि दुसऱ्या सालापुढे टीप घालतो: हे तिने स्वतः सांगितलेले.