मज्जातंतूचा वाटाड्या

गर्भांतील कोंवळा मज्जातंतु आपली वाट कशी शोधितो, हें वाचून आम्ही थक्क झालों. त्याचें टोंक भोंवतालच्या रसायनांचा माग काढीत सरकतें. कांहीं रसायनें त्यास ओढितात, कांहीं लोटितात. १९९४ सालीं अशा एका वाटाड्यास ‘नेणारा’ या अर्थाच्या संस्कृत शब्दावरून ‘नेट्रिन’ हें नांव मिळालें. मुक्कामीं पोहोंचल्यावरही पोषक द्रव्य हवें; अशा द्रव्यांच्या शोधाबद्दल रीटा लेव्ही-मोंतालचिनी व स्टॅन्ली कोहेन यांस १९८६ चें नोबेल पारितोषिक मिळालें. तें न लाभलेल्या कित्येक पेशी मरतात. तो सृष्टिक्रमच होय. परंतु आमच्या परभणी जिल्ह्यांत आईबापांबरोबर ऊसतोडीस जाणाऱ्या सोबत्यांची शाळा सुटते, तो सृष्टिक्रम नव्हे. त्यांचे वाटाडे होणें आपल्या हातीं आहे.