विंचेस्टरचा सरवा

लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून सुटलेली गाडी साधारण तासाभरात विंचेस्टरला पोचते. २०१९च्या ऑगस्टअखेरीस मी तिथे उतरलो तेव्हा त्या गावाचा एक नकाशा माझ्या मनात तयार होता, आणि वर्षानुवर्षे वर्गात शिकवून तो पुरेसा गुळगुळीतही झाला होता. जॉन कीट्स १८१९च्या ऑगस्टच्या मध्यास चार्ल्स ब्राउन या मित्राबरोबर इथे आला. चांगले ग्रंथालय मिळेल ही आशा होती, ती फळली नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तो राहिला, आणि १९ सप्टेंबरच्या रविवारी फिरून आल्यावर त्याने 'टू ऑटम' लिहिली. त्या घटनेला दोनशे वर्षे होत आली होती. सांगण्यापुरते निमित्त एवढेच.

न सांगण्याजोगे निमित्त निराळे होते. नव्वदच्या दशकात एका तालुक्याच्या गावी मी पदवीच्या वर्गाला ही कविता शिकवत होतो. दुसऱ्या कडव्यात ऋतूला मनुष्यरूप दिले आहे. तो कधी धान्याच्या कोठारात बसलेला, कधी अर्धवट कापलेल्या शेतात झोपी गेलेला दिसतो, तर कधी डोक्यावर भार घेऊन ओढा ओलांडणाऱ्या 'ग्लीनर'सारखा. मी त्या शब्दाचा अर्थ 'कापणी करणारी स्त्री' असा सांगून पुढे निघालो होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "सर, कापणारी न्हाई. सरवा येचणारी. माझी आजी जायची गव्हाच्या ओंब्या येचायला." वर्ग हसला. मीही किंचित हसलो आणि म्हणालो, "असेल. पण इथे ते प्रतीक आहे." तो खाली बसला. वर्षभरात त्याने पुन्हा काही विचारले नाही.

सरवा म्हणजे कापणीनंतर शेतात मागे राहिलेली, गळलेली कणसे. मुलाचा अर्थ अचूक होता, माझा चुकीचा. ज्याच्या घरात तो शब्द जगला गेला होता त्याला मी प्रतीकाच्या नावाखाली गप्प बसवले होते.

असो. विंचेस्टरमध्ये पहिले पाऊल कॅथीड्रलकडेच वळते. १०७९ साली सुरू झालेली ही इमारत मध्ययुगीन कॅथीड्रलांमध्ये युरोपातील सर्वांत लांब इमारतींत गणली जाते. मी प्रवेशशुल्कासाठी दहा पौंडांची नोट पुढे केली. तिच्यावर जेन ऑस्टिनचे चित्र होते. उत्तरेकडच्या पाखेत तिची शिळा आहे. १८ जुलै १८१७ रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, जवळच्याच कॉलेज स्ट्रीटवरील घरात ती वारली. शिळेवर तिच्या दयाळूपणाचा, गोड स्वभावाचा, मनाच्या असामान्य देणग्यांचा उल्लेख आहे, कादंबऱ्यांचा नाही. तो उल्लेख यायला १८७२ साल उजाडावे लागले, जेव्हा शेजारच्या भिंतीवर पितळी पट्टी बसवली गेली. कीट्स या आवारातून रोज जात होता तेव्हा ती शिळा दोन वर्षांचीच होती.

याहून मला अडवले ते एका पाणबुड्याने. कॅथीड्रल पाणथळ, कुजकट मातीवर उभे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी भिंतींना मोठे तडे गेले, पाया खचू लागला. खणलेल्या चरांमध्ये पाणी भरे, आणि ते उपसावे तर इमारत आणखी खचण्याचे भय. म्हणून १९०६ ते १९११ विल्यम वॉकर हा पाणबुड्या जड पोशाखात रोज त्या गढूळ पाण्यात उतरला आणि पूर्ण काळोखात, केवळ हाताच्या स्पर्शाने, पायाखाली काँक्रीटच्या पिशव्या व ठोकळे रचत गेला. पंचवीस हजारांहून अधिक पिशव्या त्या कामी लागल्या. १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत तो गेला. पुढे १९६४ साली त्याच्या स्मरणार्थ एक छोटा पुतळा बसवला, तर त्याला चेहरा दिला गेला तो चुकून फ्रान्सिस फॉक्स या अभियंत्याचा! ती चूक २००१ साली नवा पुतळा बसवून दुरुस्त झाली. मजुराचे स्मारक आणि चेहरा साहेबाचा; मला हसू आले आणि लगेच मागच्या बाकावरचा तो मुलगा आठवला.

तिथून कीट्सची वाट धरली. ती त्याने आपल्या भावाला व भावजयीला लिहिलेल्या पत्रात नीट सांगितली आहे: कॅथीड्रलच्या दर्शनी बाजूवरून, झाडांखालच्या आवारातून, शाळेच्या इमारतींवरून, मग इचिन नदीकाठच्या कुरणांतून सेंट क्रॉसपर्यंत. आजही ती वाट जवळजवळ तशीच चालता येते. नदीचे पाणी इतके नितळ की तळाचे शेवाळ केसांसारखे विंचरलेले दिसते. ऊन मऊ होते. ऑगस्ट सरत होता, पण शरद नव्हता. आपल्या शरदाशी या 'ऑटम'चे नाते फारसे नाहीच. आपला शरद म्हणजे धुतलेले आकाश, कोजागिरी. यांचा ऑटम म्हणजे भरलेले कोठार आणि आखडत चाललेला दिवस. तो शब्द भाषांतरात मी वर्षानुवर्षे बिनदिक्कत वापरला होता.

कुरणांतून चालताना मात्र एक साधी गोष्ट जाणवली. इथे गवत आहे. ही पाणथळ कुरणे गवतासाठी आणि गुरांसाठीच राखलेली. कीट्सने २१ सप्टेंबरला रेनल्ड्स या मित्राला लिहिले आहे की वसंतातल्या गारठलेल्या हिरव्यापेक्षा त्याला कापून झालेली शेते, त्यांतली धसकटे, अधिक आवडतात, कारण ती उबदार दिसतात. रविवारच्या फेरीत याचा इतका ठसा उमटला की त्याने त्यावर कविता रचली. मग धसकटांचे शेत या वाटेवर कुठून येणार? अ‍ॅबरिस्टविथ विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१२ मध्ये नेमका हाच मुद्दा पुढे आणला. त्यांच्या मते ते शेत नदीपलीकडच्या सेंट जाइल्स टेकडीवर असावे. मी ते वाचले होते. पायांना पटले ते इथे आल्यावर.

'टू ऑटम'वर एक जुना आक्षेप आहे. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरमध्ये शांतपणे जमलेल्या प्रचंड सभेवर घोडदळ घातले गेले, किमान पंधरा माणसे मेली. पीटर्लू म्हणून ती घटना ओळखली जाते. त्या सभेचा वक्ता हंट १३ सप्टेंबरला लंडनमध्ये शिरला तेव्हा रस्त्यावर लोटलेली गर्दी कीट्सने स्वतः पाहिली. सहा दिवसांनी ही समाधानी, तृप्त कविता! जेरोम मॅगनने १९७९ साली हिला इतिहासाकडे फिरवलेली पाठ म्हटले. निकोलस रो यांनी पुढे उलट वाचन केले, आणि त्यात सरवा वेचणारी महत्त्वाची ठरली. कारण सरवा हा इंग्लंडमध्ये भांडणाचा विषय होता. सफोकमधील मेरी हॉटन या स्त्रीने जेम्स स्टील याच्या शेतात सरवा वेचला म्हणून तिच्यावर खटला भरला गेला. तिच्या बाजूने बायबलचा आधारही दिला गेला, पण १७८८ साली न्यायालयाने बहुमताने ठरवले की सरवा वेचण्याचा गरिबांना सामान्य कायद्याने हक्क नाही. मालकाने दिला तर तो त्याचा उदारपणा. प्रथा मात्र अनेक गावांत एकोणिसाव्या शतकातही चालत राहिली.

म्हणजे कीट्सने ऋतूला ज्या माणसाचे रूप दिले, तो माणूस कायद्याच्या दृष्टीने दुसऱ्याच्या रानात शिरलेला होता. कवीच्या मनात हे किती होते याचा वाद समीक्षकांनी खुशाल घालावा. मला तेवढे ठरवायचे नाही. पण त्याच वर्षी मे महिन्यात, नाइटिंगेलवरच्या कवितेत, त्याला परक्या शेतात उभी असलेली रूथ आठवली होती. बायबलमधली रूथ सरवा वेचूनच जगली. ही प्रतिमा त्याच्याकडे सजावटीसाठी आली असे मला आता म्हणवत नाही.

सेंट क्रॉसला पोचलो तेव्हा दुपार उतरत होती. बाराव्या शतकात हेन्री ऑफ ब्लोआ या बिशपने गरीब वृद्धांसाठी स्थापलेले हे निवासस्थान आजही चालू आहे. काळ्या किंवा लाल झग्यातले वृद्ध बंधू आवारात भेटतात. इथली एक रीत प्रसिद्ध आहे: द्वारपालाकडे वाटसरूने मागितले तर त्याला पेलाभर बियर आणि पावाचा तुकडा मिळतो. आपणहून कोणी देत नाही, मागावे लागते. मी मागितला. पेला तळहातावर मावेल एवढा, तुकडा दोन घासांचा. द्वारपाल अदबीने वागला, तरी तो तुकडा खाताना मला उगीचच अवघडल्यासारखे झाले. सरव्याला कोणाचा दरवाजा वाजवावा लागत नाही. मान खाली असते खरी, पण ती वेचण्यासाठी. आपल्याकडे दया पवारांचे 'बलुतं' वाचलेल्याला मागणे आणि हक्क यांतली ही गुंतागुंत नवी नाही. खळ्यावरचा वाटा हक्काचा म्हणायचा आणि तो घ्यायचा मात्र हात पसरून.

परतताना नदी ओलांडून सेंट जाइल्स टेकडीकडे गेलो. जिथे ते शेत असावे असे म्हणतात तिथे बहुमजली वाहनतळ आहे. वरच्या मजल्यावरून कॅथीड्रलचे लांबलचक छप्पर, बुटका मनोरा आणि झाडांचे शेंडे दिसतात. काँक्रीट दिवसभर तापलेले होते. धसकटांच्या शेतात अनवाणी चालले की पाय सोलवटतात. त्या मुलाला ते ठाऊक असणार. चैत्राच्या उन्हात गव्हाच्या रानात वाकलेल्या त्याच्या आजीला ते शेत 'उबदार' वाटले असते का, हा प्रश्न त्या दिवशी वर्गात विचारायला हवा होता. तोच विचारू शकला असता. एका बाईंनी गाडी सापडत नाही का म्हणून माझी चौकशी केली. मी नाही म्हणालो, आभार मानले आणि जिना उतरलो.

त्या वर्षी परतल्यावर मी टिपणातला जुना अर्थ खोडून 'सरवा वेचणारी' असे लिहिले. आता मी शहरातल्या महाविद्यालयात शिकवत होतो. सरवा म्हणजे काय, हे वर्गातल्या दोघांनाच माहीत होते. उरलेल्यांना मला तो मराठी शब्द इंग्रजी कवितेच्या आधाराने समजावून द्यावा लागला.