एकावर एक दोन दिवे

आपल्यासारख्या व्यापारी घरांतून मोटारसायकल ही फार काळ केवळ वसुलीला जाण्याची सोय होती. ती सकाळी वेळेवर सुरू व्हावी, पेट्रोल बेताने प्यावी आणि विकताना बरी किंमत यावी, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. गाडीच्या दिव्याच्या आकारावरून माणसे किती अस्वस्थ होऊ शकतात, याची प्रचीती सांगलीत सुट्या भागांचे दुकान चालवताना मला ऑक्टोबर २०२१ मध्ये आली.

त्या महिन्यात बजाजची पल्सर २५० बाजारात आली. पहिली पल्सर २००१ सालची; म्हणजे त्या नावाला वीस वर्षे पूर्ण होत होती. नव्या गाडीची रूपे दोन, एक उघडे आणि दुसरे पुढे अर्धे कवच असलेले. हे दुसरे, एफ २५०, जुन्या २२० एफची जागा घेणार हे जाणकारांनी तत्काळ ओळखले. ही २२० सन २००७ मध्ये आली होती आणि २००९ मध्ये कार्बोरेटर घेऊन अधिक स्वस्त व अधिक ताकदवान झाली. ‘सर्वांत वेगवान भारतीय’ अशी तिची जाहिरात असे. (या तीन शब्दांनी आमच्या वहिनींची झोप किती रात्री उडवली, ते वेगळे.) त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या पुतण्याने, २०१४ साली स्वतःच्या कमाईतून तीच गाडी घेतली.

आमच्या दुकानाच्या ओट्यावर संध्याकाळी अशा शौकिनांची बैठक असते. नव्या गाडीची छायाचित्रे प्रथम तेथेच हातोहात फिरली. कागदावर तुलना करावी तर नवी गाडी सरस होती. इंजिन २४९ सीसीचे, शक्ती साडेचोवीस अश्वशक्तीच्या घरात. जुनीची विसाच्या थोडी वर. मागे दोन शॉकअपऐवजी मधोमध एकच, त्यामुळे खड्ड्यांतून बसणारा हिसका कमी. क्लच हलका, दिवे एलईडीचे. एवढे असूनही ओट्यावर सुतकी कळा होती. एकाला पाचच गिअर खटकले. स्पर्धकांना सहा असताना हे का, हा त्याचा प्रश्न मला रास्त वाटला. दुसऱ्याला आवाज मवाळ वाटला. परंतु बहुतेकांचे दुःख एकच होते: जुन्या गाडीच्या तोंडावरचे, एकावर एक बसवलेले ते दोन गोल दिवे गेले. ‘आता आरशात मागची गाडी कोणती आहे ते कळणार नाही,’ असे एकजण म्हणाला तेव्हा कोणी हसले नाही. रोज मिरजेला जाणाऱ्या एका प्राध्यापकांनी मात्र नवी गाडी चालवून पाहिली आणि पाठीला आराम पडला असे सांगितले. त्यांचे म्हणणे सभ्यपणे ऐकून घेतले गेले आणि तितक्याच सभ्यपणे बाजूला ठेवले गेले.

ही दिव्यांची गोष्ट मला इटलीतील एका प्रसंगाशी ताडून पाहावीशी वाटते. बोलोन्याच्या डुकाटी कंपनीची ९१६ ही गाडी १९९४ साली आली. मासिमो टांबुरीनी यांनी घडवलेले तिचे रूप अनेकांना आजही मोटारसायकलच्या सौंदर्याची परिसीमा वाटते. शेजारी शेजारी दोन दिवे, मागचे चाक एकाच बाजूने धरलेले. पुढे पिएर टेरब्लांश यांनी तिची वारस म्हणून ९९९ रेखाटली. ती यंत्र म्हणून उणी नव्हती. सुपरबाइकचे जागतिक विजेतेपद तिच्यावर बसून २००३, २००४ आणि २००६ अशा तीन वर्षी मिळवले गेले. पण शौकिनांनी तिला नाक मुरडले, आणि मुख्य आक्षेपांतला एक होता दिव्यांचा. कारण ते एकावर एक बसवले होते! अखेर २००६ मध्ये कंपनीने १०९८ दाखवली तेव्हा दिवे पुन्हा शेजारी आले आणि चाकही पुन्हा एकाच बाजूने धरले गेले.

तेव्हा ज्या मांडणीवर सांगलीचा तरुण जीव टाकतो, तीच बोलोन्याच्या चाहत्याला विद्रूप वाटली. दोष वा गुण दिव्यांत नाही. ज्या गाडीवर मनुष्य पहिल्यांदा कात्रजचा घाट चढला, जिचा आवाज ऐकून घरच्यांनी जेवणाची पाने मांडली, तिचा चेहरा हाच त्याला गाडीचा चेहरा वाटतो. त्याला हट्ट म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. मला तसे करवत नाही, कारण या माणसांना त्या यंत्राची प्रत्येक खोड ठाऊक असते, आणि आपला मिस्त्री ज्या गाडीवर घडला तिच्याबद्दल बोलताना तोही असाच हळवा होतो.

दुकानापुढचा प्रश्न मात्र हळवेपणाचा नव्हता. सन २०२२ मध्ये २२० एफचे उत्पादन थांबले. आमच्या माळ्यावर तिचे डूम, काचा, चेन किट, क्लच प्लेटा असा बराच माल होता. अण्णा, माझे थोरले बंधू, हिशेबाचे पक्के. ‘मेलेल्या मालावर व्याज चढू देऊ नये; काढून टाक, मिळेल त्या भावाला,’ असे त्यांनी सांगितले. त्यांच्या म्हणण्यात चाळीस वर्षांचा अनुभव होता. पुतण्या तेथेच उभा होता. वडिलांसमोर सहसा न बोलणारा तो मुलगा म्हणाला, ‘बाबा, कारखान्यात गाडी थांबली, रस्त्यावरच्या थांबल्या आहेत का? उलट आता ज्याच्याकडे आहे तो ती विकणार नाही, जपेल. आणि जपायला माल लागेल.’ अण्णांनी चष्मा काढून पुसला. मग माझ्याकडे पाहून ते म्हणाले, ‘डूम आणि काचा ठेव. बाकीचे अर्धे काढ.’

मागणी खरोखरच टिकली. आणि २०२३ मध्ये कंपनीने २२० एफ पुन्हा बाजारात आणली. तेच कवच, तेच एकावर एक दोन दिवे. ओट्यावर पेढे वाटले गेले. मी व्यापाऱ्याच्या नजरेने पाहत होतो. सर्वाधिक शोक करणाऱ्यांपैकी नवी २२० प्रत्यक्ष विकत घेतली ती एकानेच. बाकीच्यांपाशी जुनी होतीच. त्यांना ती दुकानात असायला हवी होती, एवढेच. कारखानदाराने अशा टाळ्यांवर किती विसंबावे, हा अवघड हिशेब आहे. ओट्यावरच्या त्याच मंडळींनी सुट्या भागांचे मात्र आमच्याकडे रोख पैसे मोजले.

पुतण्याच्या गाडीला आता पुढचा डूम तिसरा आहे. मध्यंतरी एका मित्राची एफ २५० घेऊन तो कोल्हापूरला जाऊन आला. कशी वाटली, असे मी विचारले. ‘उत्तम आहे, काका. सगळ्या बाबतीत उत्तम आहे,’ तो म्हणाला, आणि माळ्यावर २२० च्या काचा किती उरल्या आहेत ते मोजायला शिडी लावू लागला.